अद्भुताचा हिशेब : एल. स्प्रेग डी कॅम्पचे लेखन

१

पुष्कळ लिहिणाऱ्या लोकप्रिय लेखकाकडे समीक्षा सहसा संशयाने पाहते. असा लेखक स्वतःचीच पुनरावृत्ती करणार, वाचकांच्या अपेक्षांना शरण जाणार, असे गृहीत धरले जाते. आणि अनेकदा ते खरेही ठरते. एल. स्प्रेग डी कॅम्प (१९०७-२०००) या अमेरिकन लेखकाच्या नावावर शंभराहून अधिक पुस्तके आहेत. कादंबऱ्या, कथासंग्रह, चरित्रे, तंत्रविद्येचा इतिहास, पुरातत्त्वाची ओळख, विज्ञानप्रसार असा त्यांचा पसारा आहे. या पसाऱ्यात दोन प्रवाह ठळकपणे वेगळे दिसतात. एका प्रवाहात डी कॅम्प समुद्रात बुडालेली खंडे, पिरॅमिडांत दडलेली भाकिते, फलज्योतिष, मृतात्म्यांशी संभाषण यांसारख्या समजुतींची कठोर चिकित्सा करतो. दुसऱ्या प्रवाहात मंत्रतंत्र, राक्षस, सजीव देवदेवता आणि बुडण्यापूर्वीची खंडे मुक्तपणे वावरतात.

एकाच लेखणीने एकीकडे अद्भुताचे खंडन करावे आणि दुसरीकडे अद्भुताची निर्मिती करावी, हा वरवर पाहता विरोध आहे. खंडन ही त्याची निष्ठा आणि कथा हा त्याचा चरितार्थ, असे सोपे स्पष्टीकरण देता येईल. परंतु त्याचे लेखन बारकाईने वाचल्यास दोन्ही प्रवाहांचा उगम एकच असल्याचे ध्यानात येते. 'अमुक खरे मानले, तर त्यापुढे काय काय मानावे लागेल?' हा प्रश्न तो दोन्हीकडे विचारतो. भ्रामक समजुतीला हा प्रश्न विचारला की ती कोसळते. कथेला विचारला की तिला बळकटी येते. डी कॅम्पच्या लेखनाचे मर्म आणि त्याच्या मर्यादाही या एका प्रश्नात सामावलेल्या आहेत.

२

डी कॅम्पचे शिक्षण अभियंत्याचे होते. १९३० मध्ये त्याने कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून विमानविद्येतील अभियांत्रिकीची पदवी घेतली. १९३७ मध्ये 'अस्टाउंडिंग' या मासिकात त्याची पहिली कथा आली. पुढच्याच वर्षी त्याच मासिकात त्याने कालप्रवाशांच्या भाषेविषयी एक निबंध लिहिला. काही शतके पुढे किंवा मागे गेलेल्या माणसाला तिथल्या लोकांची भाषा कळेल का, हा त्याचा विषय. उच्चार बदलतात, शब्दांचे अर्थ सरकतात, व्याकरण झिजते; तेव्हा भविष्यात उतरलेला नायक लगेच गप्पा मारू लागतो हे दाखवणारा कथाकार एक मोठी अडचण नजरेआड करतो, असे त्याचे म्हणणे होते. या निबंधात पुढच्या सहा दशकांच्या लेखनाचे बीज आहे. कालप्रवास अशक्य आहे अशी तक्रार डी कॅम्प करीत नाही. तो मान्य करून त्यातून अटळपणे उद्भवणारी अडचण मात्र तो सोडत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात फिलाडेल्फिया येथील नौदलाच्या संशोधनकेंद्रात त्याने काम केले. रॉबर्ट हाइनलाइन आणि आयझॅक असिमॉव्ह हे विज्ञानकथालेखकही त्या वेळी तिथेच होते. पदार्थाची ताकद, यंत्राची झीज, कामाला लागणारी माणसे आणि पैसा यांचा हिशेब ठेवण्याची अभियंत्याची सवय त्याच्या ललित लेखनातूनही कधी सुटली नाही.

३

'लॉस्ट कॉन्टिनन्ट्स' (१९५४) हा डी कॅम्पच्या चिकित्सक लेखनातील सर्वांत टिकाऊ ग्रंथ. त्याचा विषय ॲटलांटिस आणि त्याच्या पिलावळीतील इतर बुडालेली खंडे. ॲटलांटिसची कथा प्लेटोच्या 'टिमीअस' आणि 'क्रिटिअस' या संवादांत येते. हर्क्युलिसच्या स्तंभांपलीकडील एक बलाढ्य बेट अथेन्सवर चालून जाते, पराभूत होते आणि एका अहोरात्रीत समुद्रात गडप होते. १८८२ मध्ये इग्नेशिअस डॉनेली या अमेरिकन राजकारण्याने या बेटालाच सर्व संस्कृतींचे माहेरघर ठरवले, आणि तेव्हापासून ॲटलांटिस शोधणाऱ्यांचा एक पंथच तयार झाला.

डी कॅम्प या पंथाची थट्टा करून थांबत नाही. त्याचा मार्ग संहितेच्या अभ्यासकाचा आहे. ही गोष्ट प्रथम कोणी सांगितली? त्याआधीच्या कोणाला ती ठाऊक होती का? नंतरच्या प्रत्येकाने ती कोणाकडून घेतली आणि तीत काय मिळवले? भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे ही पद्धत मराठी अभ्यासकाला परिचित आहे. एकेक थर बाजूला करीत गेल्यावर सगळे धागे प्लेटोपाशी येऊन थांबतात. प्लेटोच्या आधी ॲटलांटिस नाही. म्हणजे ज्याला इतिहास म्हणून शोधले गेले, ती एका तत्त्वज्ञाने आपल्या राज्यविषयक विचारासाठी रचलेली कथा होती. तीत प्लेटोने खऱ्या भूकंपांच्या व नगरांच्या आठवणी वापरल्या असतील. पण त्यांची जुळणी त्याची स्वतःची आहे.

या निष्कर्षात प्लेटोची अप्रतिष्ठा नाही, हे विशेष. ॲटलांटिसला भूगोलात बसवू पाहणारे प्लेटोकडून त्याची कल्पकता हिरावून घेतात आणि त्याला केवळ बातमीदार करून टाकतात. डी कॅम्प ती कल्पकता त्याला परत देतो. ग्रंथाच्या शेवटी, हरवलेल्या सुंदर गोष्टीविषयी माणसाला वाटणाऱ्या हुरहुरीचा तो सहानुभूतीने विचार करतो. भ्रम नाहीसा केला तरी तो निर्माण करणारी ओढ खरी असते, याची त्याला जाणीव आहे.

याच ग्रंथात लेम्युरियाचेही प्रकरण येते आणि ते भारतीय वाचकाला अधिक जवळचे आहे. लेमूर वर्गातील प्राणी मादागास्करमध्ये आणि त्यांचे आप्त भारतात कसे, या कोड्याचे उत्तर म्हणून फिलिप स्क्लेटर या प्राणिशास्त्रज्ञाने १८६४ मध्ये हिंदी महासागरातील एका लुप्त भूखंडाची कल्पना मांडली. ती त्या काळच्या ज्ञानाला धरून केलेली, तपासता येण्याजोगी अटकळ होती. पुढे १८८८ च्या 'द सीक्रेट डॉक्ट्रिन' या ग्रंथात मादाम ब्लाव्हाट्स्कींनी त्या भूखंडावर एका आदिम मानववंशाची वस्ती केली. थिऑसॉफिकल सोसायटीचे ठाणे तोपर्यंत मद्रासजवळ अड्यारला आलेले होते. विसाव्या शतकात तमिळ विद्वानांपैकी काहींनी समुद्राने गिळलेल्या भूमीच्या आणि लुप्त संगमांच्या जुन्या परंपरेशी लेम्युरियाचा सांधा जुळवला, आणि 'कुमरी कंडम्' ही कल्पना आकाराला आली. भूपट्टविज्ञान १९६० च्या दशकात स्थिरावल्यावर मूळ कोड्याची मांडणीच बदलली. भारत आणि मादागास्कर ही एकाच भूभागाची अंगे असून सुमारे नऊ कोटी वर्षांपूर्वी ती अलग झाली. मधले खंड बुडाल्याचे मानण्याचे कारण उरले नाही.

सुमती रामस्वामी यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेम्युरियाविषयीच्या ग्रंथात मात्र वेगळा प्रश्न विचारला आहे. लेम्युरिया होते की नव्हते यापेक्षा, ते हरवले असे मानण्याची गरज कोणाला आणि का भासली, याचा तो शोध आहे. डी कॅम्पच्या ग्रंथाशेजारी तो ठेवला म्हणजे त्याच्या पद्धतीचे बळ आणि तिची सीमा दोन्ही दिसतात. कल्पनेची वंशावळ तो अचूक मांडतो. तिच्यामागच्या सामाजिक वेदनेला तो ओझरता स्पर्श करतो.

'द एन्शन्ट एंजिनिअर्स' (१९६३) हा या खंडनाचा विधायक भाग म्हणावा लागेल. पिरॅमिड कोणी बांधले या प्रश्नाला गूढवाद्यांचे उत्तर असते, 'माणसांनी नव्हे'. डी कॅम्प उतरणी, दोर, घसरगाड्या, मजूर आणि वेळ यांची मोजदाद करून ते माणसांनीच कसे बांधले हे सांगतो. या भूमिकेला नैतिक बाजूही आहे. पत्नी कॅथरीनसह लिहिलेल्या 'एन्शन्ट रुइन्स अँड आर्किऑलॉजी' (१९६४) या बारा प्राचीन स्थळांवरील पुस्तकात झिंबाब्वेच्या दगडी वास्तूंचा समावेश आहे. त्या वास्तू आफ्रिकी लोकांनीच उभारल्या, हे १९०५ आणि १९२९ च्या उत्खननांनी दाखवून दिले होते. तरीही गोऱ्या वसाहतवाद्यांना त्या फिनिशियनांच्या किंवा शेबाच्या राणीच्या हव्या होत्या. अशा ठिकाणी भ्रम हा कोणाचे तरी कर्तृत्व नाकारण्याचे साधन बनतो. १९२५ च्या डेटन येथील उत्क्रांतिवादाच्या खटल्यावर त्याने लिहिलेला 'द ग्रेट मंकी ट्रायल' (१९६८) हा ग्रंथही विचारभेदाला कायद्याने दडपण्याचे परिणाम याच बारकाईने नोंदवतो.

४

आता दुसऱ्या प्रवाहाकडे वळावे. फ्लेचर प्रॅटच्या सहकार्याने लिहिलेल्या हॅरॉल्ड शीच्या कथा १९४० पासून 'अननोन' मासिकात येऊ लागल्या. पहिल्या दोन १९४१ मध्ये 'द इन्कम्प्लीट एन्चँटर' या नावाने पुस्तकरूप झाल्या. शी हा मानसशास्त्रज्ञ आहे. प्रत्येक विश्व म्हणजे काही तार्किक विधानांचा संच. तो संच मनाने पुरता स्वीकारला की त्या विश्वात पोचता येते, अशी त्याच्या वरिष्ठांची उपपत्ती. आयरिश पुराणकथांच्या जगात जाण्याच्या हेतूने निघालेला शी नॉर्स देवांच्या हिमाच्छादित जगात जाऊन पडतो. तिथे त्याची काडेपेटी पेटत नाही आणि पिस्तूल उडत नाही, कारण त्या विश्वात रसायनशास्त्राचे नियम लागू नाहीत. सोबत नेलेले इंग्रजी पुस्तकही त्याला वाचता येत नाही. मात्र तिथे मंत्र चालतो. तो ज्या तत्त्वांवर चालतो, ती सादृश्य आणि संसर्ग ही तत्त्वे जेम्स फ्रेझरने 'द गोल्डन बाउ'मध्ये जादूच्या विवेचनासाठी मांडलेली होती.

या कथांतील विनोद मुख्यतः नियमांच्या काटेकोर पालनातून येतो. जादू म्हणजे वाट्टेल ते होणे, ही समजूत डी कॅम्प-प्रॅट यांनी मोडून काढली. जादूलाही कायदा आहे, चुकीची शिक्षा आहे, आणि अर्धवट शिकलेल्या जादूगाराची फजिती अर्धवट शिकलेल्या अभियंत्याइतकीच अटळ आहे. अशक्य पण पटणारी घटना ही शक्य पण न पटणाऱ्या घटनेपेक्षा काव्याला अधिक मानवते, असा ॲरिस्टॉटलच्या 'काव्यशास्त्रा'तील विचाराचा आशय आहे. शीच्या कथा त्याचे हसरे उदाहरण ठरतात.

'लेस्ट डार्कनेस फॉल' (१९४१) ही कादंबरी याच पद्धतीने इतिहासाला सामोरी जाते. मार्टिन पॅडवे हा पुरातत्त्वज्ञ रोममध्ये विजेच्या तडाख्याने इ.स. ५३५ मध्ये फेकला जातो. इटलीवर गॉथांचे राज्य आहे आणि बायझँटाइन सम्राट जस्टिनियनची स्वारी तोंडावर आली आहे. हे दीर्घ युद्ध इटलीला उद्ध्वस्त करणार, हे पॅडवेला ठाऊक आहे. मार्क ट्वेनच्या 'कनेक्टिकट यँकी'चा (१८८९) नायक आर्थर राजाच्या काळात एक आख्खे औद्योगिक युग उभे करतो. पॅडवेला ते जमत नाही. तो आधी ब्रँडी गाळून पोटापाण्याची सोय करतो, आणि सावकाराला नवे अंक व द्विनोंदी हिशेब शिकवून कर्ज मिळवतो. मुद्रणयंत्र उभे राहते, पण छापण्यासाठी चर्मपत्र पुरेसे नाही. बंदुकीची दारू तर त्याला शेवटपर्यंत साधत नाही. ज्ञान एकट्या माणसाच्या डोक्यात असून भागत नाही. त्याला कारागीर, कच्चा माल, भांडवल आणि सवय लागते, हे या कादंबरीने रंजनाच्या ओघात पटवले. युरोपात 'अरबी' म्हणून रूढ झालेले हे अंक मूळचे भारतीय, पॅडवे ते शिकवतो त्याच्या जेमतेम चार दशके आधी आर्यभटाचा ग्रंथ (इ.स. ४९९) सिद्ध झाला होता, ही गोष्ट भारतीय वाचकाला सहजच आठवावी.

'द व्हील्स ऑफ इफ' (१९४०) या दीर्घकथेत इतिहासाने निराळे वळण घेतलेल्या अमेरिकेत एक वकील जागा होतो. मराठीत याच जातीची आणि अधिक मार्मिक कथा जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' मध्ये लिहिली. तिच्यात पानिपतची लढाई मराठे जिंकतात. डी कॅम्पचे लक्ष बदललेल्या जगाच्या रचनेवर असते. नारळीकर त्या बदलाला वाचकाच्या मनातील एका जुन्या जखमेशी भिडवतात. विज्ञानकथा लिहिणाऱ्या नारळीकरांनी फलज्योतिषाच्या दाव्यांची संख्याशास्त्रीय चाचणीही २००८ मध्ये सहकाऱ्यांसह घेतली, हे लक्षात घेता खंडन आणि कल्पित यांचे हे साहचर्य एका लेखकापुरते मर्यादित नाही.

५

दोन्ही प्रवाह एकत्र येतात ते 'द ट्रायटोनियन रिंग' (१९५१) या कादंबरीत. 'लॉस्ट कॉन्टिनन्ट्स' ग्रंथरूप होण्यापूर्वी तीनच वर्षे डी कॅम्पने पुसाड नावाचे एक खंड कल्पिले. ॲटलांटिसच्या दंतकथेमागे हे खंड असावे, अशी त्या कादंबरीची भूमिका. काळ ब्राँझयुगाचा. देव खरोखर आहेत, मंत्र खरोखर चालतात; आणि देवांना एका अंगठीचे भय वाटते, कारण ती उल्केच्या लोखंडाची आहे व लोखंडापुढे जादू निष्प्रभ होते. लोखंड सर्वत्र पसरले की देवांचे राज्य संपणार, हे त्या भयाचे कारण आहे.

या एका कल्पनेत डी कॅम्पची सगळी दृष्टी साकारते. अद्भुताचा अंत करणारी शक्ती त्याने अद्भुताच्याच पोटात ठेवली आहे, आणि ती शक्ती म्हणजे एक धातू. एका पुस्तकात ज्या खंडाचे अस्तित्व तो नाकारतो त्यावर दुसऱ्यात तो नांदतो, यात अप्रामाणिकपणा नाही. कादंबरी स्वतःला कादंबरी म्हणवते. डॉनेलीचा ग्रंथ स्वतःला इतिहास म्हणवत होता. आशय जवळपास सारखा असूनही वाचकाशी केलेला करार निराळा आहे, आणि डी कॅम्पचा झगडा हा करार मोडणाऱ्यांशी होता.

भारताकडे तो दोन रीतींनी आला. आपल्या अंतराळकथांतील एका ताऱ्याभोवतीच्या ग्रहांना त्याने कृष्ण, विष्णू, गणेश ही नावे दिली. 'द क्वीन ऑफ झांबा' (१९४९) पासून 'कृष्ण' ग्रहावर बरीच कथानके घडतात. पण नावाखेरीज पुराणांतील कृष्णाशी त्यांचा संबंध नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांत मात्र संबंध अधिक खोल आहे. 'ॲन एलिफंट फॉर ॲरिस्टॉटल' (१९५८) मध्ये पोरसाच्या पराभवानंतर अलेक्झांडर एक हत्ती आपल्या गुरूकडे अथेन्सला पाठवतो. वाटेतला चारा, नद्यांचे उतार, माहूत आणि सैनिक यांचे भाषाभेद यांतच कादंबरीचे नाट्य आहे. 'द गोल्डन विंड' (१९६९) चा नायक युडॉक्सस हा इजिप्तहून समुद्रमार्गे भारतात येतो. त्याच्या सफरींचा मूळ वृत्तान्त स्ट्रेबोच्या भूगोलात आहे. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांना समृद्ध करणारे मोसमी वारे इथे कथेचे चालक होतात.

६

या दृष्टीच्या मर्यादा मोठ्या आहेत. ज्याचा हिशेब लागत नाही त्यापुढे डी कॅम्प अडखळतो. त्याची माणसे चतुर, सोशिक, व्यवहारी असतात. त्यांचे दुःख क्वचितच खोलवर जाते. एच. पी. लवक्राफ्टचे त्याने लिहिलेले विस्तृत चरित्र (१९७५) याची साक्ष देते. लवक्राफ्टचे वंशद्वेषी विचार त्याने झाकले नाहीत, ही त्याची सचोटी. पण लेखन हा व्यवसाय मानून त्यात यशस्वी का झाला नाही, याच मापाने तो लवक्राफ्टला पुन्हापुन्हा मोजतो. लवक्राफ्ट स्वतः जडवादी होता, फलज्योतिषाचा टीकाकार होता. तरीही विश्वाच्या अफाट उदासीनतेतून त्याने भयाची कविता निर्माण केली. भ्रमाचे खंडन झाल्यावरही उरणारे हे भय डी कॅम्पच्या हिशेबात बसले नाही.

रॉबर्ट ई. हॉवर्डच्या कॉनन-कथांच्या बाबतीत त्याचे वर्तन अधिक वादग्रस्त ठरले. १९३६ मध्ये निधन पावलेल्या हॉवर्डची अपुरी हस्तलिखिते त्याने पूर्ण केली, इतर नायकांच्या कथा कॉननच्या करून घेतल्या, आणि लिन कार्टरसह नव्या कथा जोडल्या. आपण काय केले हे त्याने प्रस्तावनांतून सांगितले, आणि १९६६ पासूनच्या स्वस्त आवृत्त्यांमुळे हॉवर्ड लाखो वाचकांपर्यंत पोचला, हेही खरे. तथापि प्लेटोच्या कथेवरचे उत्तरकालीन थर एकेक करून उतरवणाऱ्या लेखकाने हॉवर्डच्या संहितेवर स्वतःचे थर चढवावेत, हा विरोधाभास नजरेआड करता येत नाही. नव्या शतकाच्या आरंभी हॉवर्डची मूळ संहिता पुन्हा सिद्ध करताना संपादकांना डी कॅम्पची भर वेगळी काढावी लागली. म्हणजे त्याचीच पद्धत त्याच्यावर वापरावी लागली.

७

या मर्यादा मान्य करूनही डी कॅम्पचे महत्त्व उरते, आणि ते आज वाढले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्ये 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची भाषा आणि त्यातील आराखडे तपासून, तो विसाव्या शतकातला असून त्यातील याने उडू शकत नाहीत, असे दाखवले. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला. अशा प्रसंगी विज्ञानाची हानी होते हे सर्वजण सांगतात. साहित्याची हानी होते, हे फारसे कोणी सांगत नाही. पुष्पक विमान ही एक भव्य कविकल्पना आहे. तिला कारखान्यातील वस्तू ठरवणारा माणूस विज्ञान तर बिघडवतोच, शिवाय कवीची निर्मिती कवीकडून काढून घेतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याने 'लॉस्ट कॉन्टिनन्ट्स' आणि 'द ट्रायटोनियन रिंग' ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. पहिल्या पुस्तकात एक खंड नकाशावरून पुसले जाते, दुसऱ्यात तसेच खंड उभे राहते, आणि दोन्हीकडे वाचकाच्या विवेकाचा मान राखला जातो. ग्रंथालयात ती दोन वेगळ्या कपाटांत ठेवली जातात, हे डी कॅम्पच्या मताशी जुळणारेच आहे. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात ठेवायचे हे नीट ठरवता यावे, यासाठीच त्याचा आग्रह होता.